चौफेर चित्रांचे अल्पायुष्य

ॲपल कंपनीने २०२५ च्या जून महिन्यात आपल्या वार्षिक परिषदेत नव्या सुविधांची जी लांबलचक जंत्री वाचून दाखवली, तीत एक घोषणा बहुतेकांच्या नजरेतून निसटली. डोळ्यांवर चढवायच्या ‘व्हिजन प्रो’ या उपकरणावर यापुढे १८० आणि ३६० अंशांची चलचित्रे कोणत्याही मध्यस्थ सॉफ्टवेअरवाचून पाहता येतील, आणि अशी चित्रे क्विकटाइमच्या फाइलमध्ये कशी साठवायची याची पद्धतही कंपनी घालून देत आहे, अशी ती घोषणा होती. वार्ताहरांनी ती एका ओळीत उरकली, यात नवल नाही. परंतु क्विकटाइम आणि ३६० अंशांचे चित्र ही जोडगोळी ज्यांना आठवते, त्यांना ही बातमी वाचून हसावे की रडावे असा प्रश्न पडला असेल. कारण नेमके हेच काम याच कंपनीने तीस वर्षांपूर्वी करून दाखवले होते, जगभरच्या हौशी आणि व्यावसायिक मंडळींना त्याच्या नादी लावले होते आणि पुढे फारसा गाजावाजा न करता ते वाऱ्यावर सोडून दिले होते.

त्या सॉफ्टवेअरचे नाव ‘क्विकटाइम व्हीआर’. १९९४ साली ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील एन्टरप्राइज यानाची सफर घडवणारी एक सीडी अमेरिकेत विक्रीस आली, तिच्यातून या तंत्राचे पहिले दर्शन घडले. पुढल्या वर्षी ते रीतसर बाजारात आले आणि त्याच वर्षी ॲपलमधील संशोधक एरिक चेन यांनी संगणकचित्रांच्या ‘सिग्राफ’ या परिषदेत त्यामागचे गणित मांडले. त्या काळी आभासी वास्तव म्हटले की लाखो रुपयांचे संगणक, अवजड शिरस्त्राण आणि ओबडधोबड रंगीत ठोकळ्यांच्या खोल्या, असेच चित्र डोळ्यांसमोर येई. एखादी इमारत दाखवायची तर तिची प्रत्येक भिंत, प्रत्येक पायरी संगणकात नव्याने उभारावी लागे. चेन यांचा विचार वेगळा होता. इमारत उभारायचीच कशाला? ती जिथे आहे तिथे जावे, मधोमध उभे राहून चहूबाजूंची छायाचित्रे घ्यावीत, ती जोडावीत आणि प्रेक्षकाला त्या जोडचित्राच्या मध्यभागी उभे करावे.

कल्पना तशी पुरातन आहे. एडिंबरोच्या रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ मध्येच गोल इमारतीच्या आतल्या भिंतीवर चौफेर चित्र लावण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले होते आणि ‘पॅनोरमा’ हा शब्दही त्या धंद्यातूनच रूढ झाला. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर वर्षभरात, १८०० साली, श्रीरंगपट्टणच्या लढाईचे रॉबर्ट केर पोर्टर यांनी काढलेले असेच एक अवाढव्य चित्र लंडनकरांनी पैसे मोजून पाहिले. ते चित्र आज अस्तित्वात नाही. त्यावरून केलेली खोदचित्रे तेवढी उरली आहेत. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

चेन यांच्या पद्धतीतील मेख कुठे होती? कागदाची लांब पट्टी गोल वळवून तिची दोन टोके चिकटवली आणि आपण तिच्या मध्यभागी उभे राहिलो, तर चारही दिशा दिसतात. पण तीच पट्टी पडद्यावर सपाट उलगडली की सरळ तुळया धनुष्यासारख्या वाकतात. प्रेक्षक माऊसने दृश्य फिरवत असताना, त्या क्षणी समोर दिसणाऱ्या तुकड्यापुरती ही वक्रता दुरुस्त करून दाखवायची, आणि तीही घरोघरच्या साध्या संगणकावर, हे खरे कौशल्य. डावीकडे ओढा, चौक डावीकडे वळतो. जवळ जा, दारावरची कडी मोठी होते. दुसऱ्या प्रकारात वस्तू मध्ये आणि कॅमेरा भोवती: एखादी मूर्ती फिरत्या चाकावर ठेवून दर दहा अंशांना एक याप्रमाणे ३६ छायाचित्रे घेतली की ती मूर्ती प्रेक्षकाला आपल्या हाताने फिरवून पाहता येई.

छायाचित्रे घेण्याचे काम मात्र चिकाटीचे. ट्रायपॉडवर कॅमेरा उभा बसवायचा, आणि तो मधल्या स्क्रूभोवती नव्हे, तर लेन्समधल्या एका विशिष्ट बिंदूभोवती फिरेल असा सरकवून घ्यायचा. हा बिंदू चुकला तर जवळचा खांब मागच्या भिंतीच्या तुलनेत जागा बदलतो आणि जोड देताना शिवण उसवते. शेजारशेजारच्या चित्रांचा बराचसा भाग एकमेकांवर यायला हवा. उजेड बदलता कामा नये, मध्येच कोणी चालत गेले तर त्याचे अर्धे शरीर एका चित्रात आणि अर्धे गायब. सुरुवातीची जोडणीची साधने तर प्रोग्रामरांच्या भाषेतच बोलत. १९९७ मध्ये ॲपलने ‘क्विकटाइम व्हीआर ऑथरिंग स्टुडिओ’ बाजारात आणला, तेव्हा कुठे हे काम छायाचित्रकार आणि वास्तुतज्ज्ञांच्या आवाक्यात आले. छायाचित्रे जोडणे, वस्तूंचे चलचित्र करणे आणि एका जागेतून दुसऱ्या जागेत जाण्यासाठी चित्रातल्या दारावर अदृश्य कळ बसवणे, हे सारे एका छताखाली, माऊसच्या साहाय्याने करता येऊ लागले. नकाशावर बिंदू मांडायचे, बिंदूंना रेषांनी जोडायचे, की सफर तयार.

पुढची सात-आठ वर्षे या चित्रांचा सुकाळ होता. नासाने १९९७ च्या पाथफाइंडर मोहिमेतील मंगळाची भूमी याच रूपात घरोघर पोचवली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या कलेतिहास विभागाने फ्रान्समधील गॉथिक कॅथेड्रलांची चौफेर चित्रे विद्यार्थ्यांसाठी तयार केली. वस्तुसंग्रहालये, हॉटेले, मोटारींचे कारखाने, घरे विकणारे दलाल, सगळ्यांनाच त्याची ओढ लागली. २००१ मध्ये क्विकटाइमच्या पाचव्या आवृत्तीने गोल पट्टीऐवजी घनाकृती चित्राची सोय केली आणि छत व जमीनही दिसू लागली.

आणि इथूनच उतरण लागली. ऑथरिंग स्टुडिओ ज्या जुन्या मॅक प्रणालीवर चाले ती ॲपलने मोडीत काढली, आणि नव्या प्रणालीसाठी तो पुन्हा लिहिण्याची तसदी घेतली नाही. म्हणजे चित्रे बनवण्याचे घरचे अवजार आधी गेले. २००९ मध्ये आलेल्या ‘क्विकटाइम एक्स’ या नव्या अवतारातून व्हीआरची दृश्ये दाखवण्याची क्षमताच गळाली. २०१६ मध्ये विंडोजवरील क्विकटाइमचा आधार कंपनीने काढून घेतला, आणि त्यात सुरक्षेची छिद्रे आढळल्याने अमेरिकी सरकारच्या सायबर यंत्रणेने ते संगणकावरून उतरवण्याचाच सल्ला दिला. २०१९ च्या मॅक प्रणालीवर जुना सातव्या आवृत्तीचा प्लेयरही चालेनासा झाला. दरम्यानच्या काळात अनेकांनी शहाणपणा करून आपल्या सफरी ‘फ्लॅश’ या तंत्रात नेल्या होत्या. ते फ्लॅशही २०२० च्या अखेरीस बंद पडले. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

प्रस्तुत लेखकाला या घडामोडींची झळ एका सीडीच्या रूपाने लागली. पुण्याच्या एका पेठेतील जुन्या वाड्याचा चौक २००२ साली एका वास्तुतज्ज्ञ मित्राने या पद्धतीने टिपला होता. वाडा पडणार हे ठरलेले होते, भाऊबंदांच्या सह्या झाल्या होत्या, आणि घरातल्या म्हाताऱ्या काकूंनी ‘एवढे तरी करून ठेवा’ असा आग्रह धरला होता. तीन वर्षांत वाडा गेला. तिथे आता सहा मजली इमारत आहे. सीडीची एक प्रत मात्र आमच्या कपाटात होती. काही वर्षांपूर्वी काकूंच्या नातवाने ती मागितली, तेव्हा नव्या संगणकाने फाइल ओळखण्यासच नकार दिला. चकटफू मिळणाऱ्या एका प्लेयरने ती उघडली खरी, पण चौक आडवा पडलेला आणि त्याचे तुकडे भराभर एकामागून एक येऊन जाणारे! जुन्या पद्धतीत सबंध पट्टी आडवी करून तिचे काप साठवले जात असत. त्यांना पुन्हा गोल बांधणारे सॉफ्टवेअर नसेल, तर प्रेक्षकाच्या पदरी नुसते काप पडतात. नातवाने ते पाहिले आणि नम्रपणे विचारले, “काका, एवढंच आहे का?”

हे असे का होते, याचा विचार केवळ एका कंपनीला बोल लावून संपत नाही. गेल्या पंधरा वर्षांतली नावे पाहा. मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये थाटामाटात सुरू केलेली ‘फोटोसिंथ’ ही सेवा २०१७ मध्ये बंद केली. ‘ऑटोपॅनो’ आणि ‘पॅनोटूर’ ही व्यावसायिकांची लाडकी सॉफ्टवेअरे बनवणारी ‘कोलोर’ ही फ्रेंच कंपनी गोप्रोने २०१५ मध्ये विकत घेतली आणि तीनच वर्षांत तिला टाळे ठोकले. गूगलने शाळांसाठी ‘एक्स्पिडिशन्स’ आणली, शिक्षकांना स्वतःच्या सफरी रचण्यासाठी ‘टूर क्रिएटर’ दिले, आणि २०२१ च्या जूनअखेरीस दोन्ही गुंडाळले. यांतली एकही वस्तू निकृष्ट नव्हती. पण मोठ्या कंपनीच्या लेखी अशी साधने म्हणजे मुख्य मालाच्या दुकानाबाहेर टांगलेला आकाशकंदील. ॲपलला क्विकटाइम रुजवायचे होते, गूगलला पुठ्ठ्याच्या चष्म्यातून आभासी वास्तवाची गोडी लावायची होती, गोप्रोला कॅमेरे विकायचे होते. सण संपला की कंदील उतरतो. त्या उजेडात कोणी काही लिहून ठेवले असेल, तर तो दुकानदाराचा प्रश्न नसतो. मेटा कंपनीने २०२४ या एका वर्षात आपल्या आभासी वास्तवाच्या विभागात १७ अब्ज डॉलरहून अधिक तोटा सोसला. असा खर्च किती काळ चालेल, याचा हिशेब त्यांच्या भागधारकांनी करावा. त्यांच्या चष्म्यासाठी सफरी रचणाऱ्यांनीही तो करावा हे बरे.

या धंद्यात लोभाचा मार्गही चोखाळून झाला आहे. अमेरिकेतील ‘आयपिक्स’ कंपनी मत्स्यनेत्री लेन्सने घेतलेली दोनच छायाचित्रे जोडून संपूर्ण गोल दृश्य तयार करी, आणि अशा दर चित्रामागे शुल्क घेई. चित्र तुमचे, कॅमेरा तुमचा, पण कुलूप उघडायला किल्ली विकत घ्यायची! जर्मनीतील फुर्टवांगनच्या तंत्रविद्यापीठातील प्राध्यापक हेल्मुट डेर्श यांनी हेच आणि याहून अधिक करणारी ‘पॅनोरमा टूल्स’ ही आज्ञावली १९९८ पासून विनामूल्य वाटायला सुरुवात केली, तेव्हा आयपिक्सने त्यांच्यामागे पेटंटचे झेंगट लावले. कायद्याच्या धाकाने या प्राध्यापकांना आपले पान आवरते घ्यावे लागले. पण त्यांची आज्ञावली तोवर गावोगाव पसरली होती. स्वयंसेवकांनी तिच्यावर ‘ह्यूगिन’ हे मुक्त सॉफ्टवेअर उभारले, तर नेदरलँड्समधील ‘पीटीगुई’ हे आज व्यावसायिकांच्या हातातले साधनही मुळात तिच्याच आधाराने वाढले. आयपिक्सचे २००६ मध्ये दिवाळे वाजले. डेर्श यांचे गणित आजही चालते आहे.

गणितासोबत आणखी एक गोष्ट टिकली, आणि ती अगदीच साधी आहे. संपूर्ण गोलाचे दृश्य, जगाच्या भिंतीवरच्या नकाशाप्रमाणे, रुंदी उंचीच्या दुप्पट असलेल्या एका आयतात पसरायचे आणि नेहमीच्या छायाचित्राच्या फाइलमध्ये ठेवायचे. या फाइलला खास प्लेयर लागत नाही, कोणताही संगणक ती निदान सपाट तरी दाखवतो. ती फिरवून दाखवणारी ‘पॅनेलम’सारखी मुक्त आज्ञावली कुठल्याही ब्राउझरमध्ये चालते, आणि उद्या ती बंद पडली तर दुसरी लिहिणे एखाद्या हुशार विद्यार्थ्याला अवघड नाही. फेसबुक, यूट्यूब, आजचे खिशात मावणारे ३६० अंशांचे कॅमेरे, सारे याच आयताच्या आश्रयाला आले आहेत. २०२५ मध्ये ॲपललाही याच गावात यावे लागले. तेही दुरून, चाळीस वळसे घेऊन.

आपल्याकडे हा विषय सार्वजनिक झाला तो गूगलच्या ‘स्ट्रीट व्ह्यू’मुळे. अमेरिकेत २००७ मध्ये सुरू झालेल्या या सेवेने २०११ साली बंगळुरूत मोटारी फिरवल्या आणि पोलिसांनी काही दिवसांतच त्या थांबवल्या. देशभरासाठीचा प्रस्तावही सुरक्षेच्या कारणास्तव फेटाळला गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नकाशांविषयीचे नवे मार्गदर्शक नियम काढले. त्यांत रस्त्यावरून अशी दृश्ये टिपण्याची मुभा केवळ भारतीय संस्थांना दिली गेली. त्यानुसार २०२२ च्या जुलैमध्ये मुंबईची जेनेसिस इंटरनॅशनल आणि टेक महिंद्र यांच्या चित्रांवर ही सेवा दहा शहरांत सुरू झाली. मुंबई, पुणे, नाशिक आणि नगर (आताचे अहिल्यानगर) ही त्यांतली महाराष्ट्रातील चार. नियमांचा रोख राष्ट्रीय सुरक्षेवर होता, हे खरे. पण त्यातून एक चांगली गोष्ट निष्पन्न झाली आणि तिची चर्चा झाली नाही: चित्र कोणाचे आणि ते दाखवणारी खिडकी कोणाची, हे दोन प्रश्न वेगळे केले गेले. चित्र भारतीय कंपनीकडे, गूगलकडे ते दाखवण्याचा परवाना. गूगलने उद्या खिडकी बंद केली तरी चित्रे नष्ट होत नाहीत.

सरकारने जे रस्त्यांच्या बाबतीत केले ते वारशाच्या बाबतीत करायला हवे, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याची नोंद जागतिक वारशात केली. बारा किल्ले, त्यांतले अकरा महाराष्ट्रात आणि जिंजी तमिळनाडूत. साल्हेरच्या माथ्यावर किंवा खांदेरीच्या तटावर प्रत्येकाला जाता येणार नाही, तेव्हा या किल्ल्यांच्या आभासी सफरी मोठ्या प्रमाणावर तयार होतील हे उघड आहे, आणि ते व्हावेही. परंतु अशा कामाच्या निविदेत सामान्यतः मागितले जाते ते संकेतस्थळ, मोबाइलवरचे ॲप आणि उद्घाटनासाठी चष्मे. देखभालीची मुदत संपल्यावर ठेकेदाराच्या संगणकावरील मूळ चित्रांचे काय होणार, हा प्रश्न उद्घाटनाच्या दिवशी कोणाच्या मनात येत नाही.

मागायला हवे ते याहून कमी दिखाऊ आहे. कॅमेऱ्यातून निघालेली प्रत्येक मूळ फाइल, न जोडता. जोडल्यावर तयार झालेला पूर्ण आकाराचा आयत, कोणतेही कुलूप नसलेल्या स्वरूपात. कॅमेरा नेमका कुठे उभा होता, किती उंचीवर, कोणत्या दिशेला तोंड करून, कोणत्या तारखेला, याची साध्या मजकुरातली नोंद. आणि या सर्वांच्या प्रती निदान दोन वेगवेगळ्या सरकारी संस्थांकडे. पुण्याच्या सी-डॅकने वस्तुसंग्रहालयांच्या अंकीय नोंदींसाठी ‘जतन’ ही प्रणाली केव्हाच विकसित केली आहे. तेव्हा अशी शिस्त आपल्याला परकी आहे असेही नाही. चष्मा, ॲप, संकेतस्थळ हे त्यानंतरचे, आणि ते दर पाच-सात वर्षांनी नवे करावेच लागणार असे गृहीत धरूनच त्यावर खर्च करावा. २०२३ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी ‘गाउसियन स्प्लॅटिंग’ नावाचे तंत्र मांडले आहे, त्यात साध्या छायाचित्रांवरून अशी दृश्ये घडवता येतात की प्रेक्षक एका जागी उभा राहून मान वळवण्याऐवजी त्यात चालूही शकतो. आजच्या किल्ल्याची भरपूर मूळ छायाचित्रे जपलेली असतील, तर उद्या त्यांतून असे काही तरी करता येईल. केवळ तयार सफर असेल, तर त्यातून फारसे हाती लागणार नाही. श्रीरंगपट्टणचे भव्य चित्र गेले आणि त्याची खोदचित्रे राहिली, तो प्रकार आपण ठरवून का करावा?

खर्चाचा मुद्दा निघेल. वस्तुतः मूळ फाइली मागण्याला वेगळा खर्च जवळजवळ नाहीच, कारण त्या काढल्यावाचून सफर होतच नाही. निविदेत एक कलम घालावे लागते आणि त्या घेताना कोणी तरी उघडून पाहाव्या लागतात. यातले दुसरे काम आपल्याकडे अधिक अवघड आहे, हे मान्य करावेच लागेल.

वाड्याच्या चौकाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. मित्राने त्या काळी डिजिटल कॅमेऱ्यावर विश्वास नसल्याने फिल्मवर काम केले होते. महिनाभराच्या शोधानंतर त्याच्याकडे एक खाकी पाकीट सापडले. आत निगेटिव्ह, आणि वर त्याच्या अक्षरात: ‘लेन्स २४ मिमी, कॅमेरा उभा, १२ फोटो, सूर्याच्या दिशेने फिरवले, सुरुवात तुळशीवृंदावनापासून, सकाळी ९.’ निगेटिव्ह स्कॅन करून घेतले आणि ह्यूगिनवर एका संध्याकाळी चौक पुन्हा जोडला गेला, सीडीवरच्यापेक्षा कितीतरी स्वच्छ. काकूंच्या नातवाच्या फोनवर तो आता बोटाने फिरतो. ओसरीवरचे कोरीव खांब, आडाचा रहाट, वाळत घातलेले नऊवारी लुगडे, सगळे जागच्या जागी आहे. वर मात्र पाहता येत नाही. २४ मिमीच्या लेन्सला पहिल्या मजल्याच्या कठड्यापर्यंतच दिसत होते, आणि चौकातून मान वर केली की दिसायचा तो आकाशाचा तुकडा बारापैकी एकाही चित्रात आलेला नाही.